मामाचं माप

घाई नसलेला माणूस जगात असतो, यावर कवळीवालीचा आता विश्वास उरला नव्हता. वर्षानुवर्षं बोळक्या तोंडाने सुखात जगलेली माणसं एकदा माप देऊन आली, की दुसऱ्या दिवसापासून दातांच्या डॉक्टरांचं डोकं खायला लागायची, आणि डॉक्टर फोन करून तिचं खायचे. "डोकं खायला दात लागत नाहीत, ही खरी अडचण आहे," असं मामा पूर्वी म्हणायचा.

जिन्याखालची लांबट खोली हा तिचा कारखाना. आसपासच्या दवाखान्यांतून जबड्यांची मापं यायची. त्यांत प्लास्टर ओतून ती पांढरे जबडे करायची, त्यांवर मेण चढवायची, मेणात एकेक दात उभा करायची, आणि शेवटी मेणाच्या जागी कडक गुलाबी हिरड्या यायच्या. प्लास्टरची पूड सगळीकडे असायची. खिडकीतून आलेलं दुपारचं ऊन त्या पुडीत बराच वेळ तरंगत राहायचं, आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापलेल्या मेणाचा गोडसर वास खोलीत रेंगाळायचा. फळ्यांवर रांगेने बसलेली ती तोंडं पाहून नवखा माणूस दचकायचाच. तिला मात्र त्यांची सोबत आवडायची. फोनपेक्षा ती केव्हाही बरी.

धंदा मामाचा. आई कामावर जायची तेव्हा ती मामाच्या टेबलाखाली मेणाच्या चिमण्या करत वाढली, आणि त्याचे हात थरथरायला लागले तेव्हा टेबलामागच्या खुर्चीत बसली. मामाने तिला दोन नियम शिकवले होते. पहिला, एका वेळी एकच तोंड. हातात असलेला जबडा आपल्याकडे बघेल. बाकी सगळे भिंतीकडे तोंड करून बसतील. "नाहीतर सगळे एकदम बघायला लागतात, आणि मग एकाचंही धड होत नाही," तो म्हणायचा. दुसरा नियम, घरच्याचं काम शेवटी. त्यासाठी खिडकीखालची सगळ्यात खालची फळी होती. "घरचा माणूस काय पळून जातोय?" स्वतःच्या बहिणीची, म्हणजे हिच्या आईची, कवळीसुद्धा त्याने साऱ्या जगाच्या मागून केली होती. आईने ब्र काढला नव्हता. या घरात वाट बघण्याचा सगळ्यांना भारी अभिमान होता, आणि असल्या अभिमानाने किती नुकसान होतं याचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

मग मामाचेच दात गेले. आयुष्यभर दुसऱ्यांना दात देणाऱ्या माणसाने स्वतःचे फार जपले होते, पण एका वसंतात हिरड्यांनी दगा दिला आणि डॉक्टरांनी उरलेसुरले एकदमच काढून टाकले. जखमा भरल्याबरोबर तिने त्याचं माप घेतलं, प्लास्टर ओतलं, आणि जबडा खालच्या फळीवर ठेवला.

"होईल गं सावकाश," मामा तेव्हा म्हणाला. "आधी लोकांचं बघ."

तिने लोकांचं बघितलं. लोक काय, संपतात थोडेच? कुणाच्या घरी लग्न होतं, कुणाला परदेशी जायचं होतं, कुणाची कवळी नातवंडाने खिडकीतून खाली टाकली होती. चौकातल्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तर प्रत्येक माप 'फारच अर्जंट' म्हणून पाठवायची. तो शब्द ऐकला की कवळीवालीच्या कपाळाची शीर उडायची. सकाळी ती ठरवायची, हे आज, ते उद्या, ते परवा. दुपारपर्यंत ठरवलेलं सगळं विस्कटायचं, आणि संध्याकाळी परवाचंच काम हातात असायचं. उन्हाळा सरला, पाऊसही येऊन गेला, झाडांची पानं पिवळी पडायला लागली.

तेवढ्या काळात वरच्या मजल्यावर मामा गप्प होत गेला.

हे एकदम झालं नाही. आधी तो किराणावाल्याशी बोलेनासा झाला, कारण तो तीनतीनदा "काय म्हणालात?" असं विचारायचा आणि मामाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग संध्याकाळचं बाकावर जाऊन बसणं सुटलं. मग फोन. हा तोच मामा, जो एखादा जबडा हातात घेऊन तासभर बोलू शकायचा: "हे बघ, हा झोपेत दात खातो, याचं बायकोशी पटत नाही. आणि ही बाई डावीकडूनच चावते, हिला कुणीतरी उजवीकडे बसून फार बोललेलं आहे." सगळं मनाचं, पण ऐकत राहावंसं वाटायचं. आता काही विचारलं की तो तोंडापुढे हात धरून मान हलवायचा. ती जेवणाचं ताट घेऊन वर जायची, मऊ केलेलं सगळं त्याच्यापुढे ठेवायची, "या आठवड्यात करतेच रे तुझी," असं म्हणायची आणि जिना उतरायची. उतरताना आज खालच्या फळीला हात घालायचाच, असं ठरवायची. खाली फोन वाजत असायचा, आणि पहिल्याच वाक्याला ते ठरवणं विरून जायचं.

त्या दुपारी डॉक्टरीणबाईचा फोन नेहमीपेक्षा लांबला.

"तेवढं एक आज संध्याकाळी द्याच हं. बिचारे आजोबा कधीपासून थांबलेत."

"कधीपासून?"

"अहो, सोमवारपासून!"

तिने फोन ठेवला. सोमवारच्या आजोबांचा जबडा भिंतीकडून आपल्याकडे वळवला, मेण तापत ठेवलं आणि ते मऊ होईपर्यंत हातावर डोकं टेकलं. ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलं होतं. तिचे डोळे कधी मिटले ते तिचं तिलाही कळलं नाही.

ती एका लांबलचक खोलीत उभी होती. दोन्ही भिंतींना लागून खुर्च्या, आणि उजेड सायीसारखा, कुठून येतोय ते न कळणारा. खुर्च्यांवर माणसं तोंडावर हात धरून बसलेली. कुणी ओरडत नव्हतं, भांडत नव्हतं. दार हळूच उघडायचं, नवीन माणूस आत यायचा, आणि अगदी अदबीने म्हणायचा, "मला जरा घाई आहे." की लगेच पहिल्या खुर्चीवरचा म्हातारा उठायचा, हाताने खुर्ची झटकून द्यायचा, "आधी तुम्ही," म्हणायचा आणि एक खुर्ची मागे सरकायचा. पुन्हा दार उघडायचं. पुन्हा तो उठायचा. आधी तुम्ही. खोली मागे मागे वाढत चालली होती, आणि म्हातारा हसतमुखाने त्या लांबीत लहान लहान होत होता. त्याच्या पाठीवरून तिने त्याला ओळखलं. ती हाक मारायला गेली, तर तोंड मेणाने भरलेलं. ती पळायला लागली, तर जमीनही मेणाची, पाय मऊ मऊ रुतायला लागले. पार टोकाला, जिथे तो जेमतेम एका ठिपक्याएवढा उरला होता, तिथे आणखी एक दार उघडलं. ते बाहेर जायचं दार होतं. तो तिथल्या कुणालातरी म्हणाला, "आधी तुम्ही," आणि पलीकडून उत्तर आलं, "नाही, आता तुमचाच नंबर."

ती दचकून जागी झाली. मेण उतू जाऊन टेबलावर थिजलं होतं. गाल ओले होते.

मग तिने जे केलं ते त्या खोलीत आजवर कुणी केलं नव्हतं. सोमवारच्या आजोबांना उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवलं. फोन ड्रॉवरमध्ये टाकला. गुडघ्यांवर बसून खालच्या फळीवरचा मामाचा जबडा काढला, फुंकर मारून त्याच्यावरची पूड उडवली आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. ड्रॉवर अधूनमधून गुरगुरत होता. "गुरगुर मेल्या," ती म्हणाली, आणि मेणाला लागली.

काम असं उतरलं की ज्याचं नाव ते. घाई तिच्या हातांतून निघूनच गेली होती. मामाचे दात तिला पाठ होते. पुढचे दोन किंचित एकमेकांवर चढलेले, एक सुळा जरा आत. तिने तसेच लावले. ऊन भिंतीवर चढायला लागलं तेव्हा मेणाची कवळी तयार होती, आणि त्या जबड्यावर ती चपखल बसत होती. जिन्याच्या तोंडाशी जाऊन तिने हाक मारली.

"मामा! खाली ये. तुझी झाली."

तो कठडा धरून सावकाश उतरला. कवळी बघून त्याचे डोळे चमकले. वळणावरून त्याने आपला सुळा ओळखला आणि तिच्या डोक्यावर टपली मारली. तिने ती त्याच्या तोंडात बसवली. "हं, बोल काहीतरी."

त्याने तोंड उघडलं आणि वरचे दात खळ्ळकन खाली आले.

तिने पुन्हा दाबून बसवले. पुन्हा पडले. मेणात चूक असेल म्हणून तिने प्लास्टरच्या जबड्यावर लावून पाहिलं. तिथे बोट घालायला फट नव्हती. मग तिने अंगठ्याने त्याची हिरडी चाचपली. हिरडी उतरली होती. दात काढल्यावर हिरडी महिनोन् महिने झिजत जाते, हे तिला काय माहीत नव्हतं? रोज ती दवाखान्यांना हेच सांगायची, जुनं माप पाठवू नका म्हणून. समोरचा पांढरा जबडा वसंतातल्या मामाचा होता. तो मामा आता नव्हता.

"माझ्यामुळे झालं हे," ती म्हणाली. "मी तुला मागे मागे ढकलत राहिले."

मामाने नाही अशी मान हलवली, पण फार जोरात नाही.

तिने त्याला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. वाडग्यात मापाची पूड घेतली, पाणी घालून घोटली, पळीसारख्या साच्यात भरली आणि त्याच्या वरच्या जबड्याला लावून, एका हाताने त्याचं डोकं सावरत, दुसऱ्याच्या दोन बोटांनी वर धरून ठेवली. आता ते लुसलुशीत मिश्रण घट्ट होईपर्यंत थांबायचं. या वेळात तो बोलू शकत नव्हता, आणि तिला हात हलवता येत नव्हता. फोन वाजला. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्याचं डोकं तिच्या कुशीला टेकलं होतं. तिच्या बोटांना त्याचा श्वास लागत होता, संथ आणि उबदार. केस किती पातळ झाले होते. टाळूवर एक तीळ होता, तो तिने कधी पाहिलाच नव्हता. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. खोलीतली पूड सोनेरी होऊन हळूहळू खाली येत होती, आणि ती घरात राहूनसुद्धा किती दिवसांनी या माणसाजवळ थांबली आहे, हे तिला कळत होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलं नाही, हात मोकळा नव्हता.

मिश्रण घट्ट झालं. ते बोटांना कळतं. हजारो मापं घेतलेल्या बोटांना तर झोपेतही कळेल. तिने साचा काढला नाही. ज्याने तिला हे शिकवलं, त्यालाही ते कळलंच असणार. त्याने खूण केली नाही. दोघंही तशीच राहिली, ऊन खिडकीवरून सरकून जाईपर्यंत.

शेवटी तिने साचा सोडवला. माप सुरेख आलं होतं, कुठे एक बुडबुडा नाही. मामाने तोंड पुसलं. तोंडापुढे हात न धरता, सगळ्या बोबडेपणासकट तो म्हणाला,

"केव्हाच झालं होतं ते."

"माहीत होतं मला," ती म्हणाली.

"मग खालच्याचं पण घे," मामा म्हणाला, आणि पुन्हा डोकं मागे टेकून त्याने तोंड उघडलं.