बुधवारच्या दोन खुर्च्या

शहराचा बेसबॉल संघ हेरन्स आपल्या पिचरला, डेस्मंड क्वार्ल्सला, दुसऱ्या संघाला देऊन टाकणार ही कुणकुण सोमवारी सकाळी लागली, आणि दुपारच्या जेवणापर्यंत स्टॅशच्या खाणावळीतल्या खिडकीजवळच्या टेबलावर त्याचा सौदा जवळजवळ पुरा झाला होता. खेळाडूंची देवघेव करायला क्लबच्या मालकांना शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत मुदत होती. टेबलाला एवढा धीर नव्हता.

"एक द्यायचा, तीन घ्यायचे," फ्लॉइड टिबेट्स म्हणाला. तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस. तळलेल्या माशाचा तुकडासुद्धा तो खडू धरावा तसा धरायचा. "क्वार्ल्स बत्तीसचा झाला. पुढच्या वर्षी करार संपला की तसाही जाणार, आणि आपल्या हाती धुपाटणं. आज दिला तर तीन होतकरू पोरं मिळतात. पाच वर्षांनी याच टेबलावर तुम्ही माझे पाय धराल."

"पाच वर्षांनी मी ब्याऐंशीची असेन, मास्तर," वॉन्डा झेलिन्स्की म्हणाली. "तुझे पाय धरायला वाकले तर मला उठवायला ती तिन्ही पोरं लागतील."

"संघ तुझ्या वयावर चालत नाही."

"आणि तिकिटं? ती काय त्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या नावावर खपतात? नाव काय रे त्याचं?"

फ्लॉइडने माशाचा तुकडा तोंडात टाकला. तोंड भरलेलं असलं की नाव आठवत नसल्याचं कळत नाही, असा त्याचा समज होता. वॉन्डाने जन्मभर शाळेची बस चालवली होती, त्यातली वीसेक वर्षं फ्लॉइडच्याच शाळेची. मागच्या बाकावर कोण काय लपवतंय हे समोरच्या आरशात बघून ओळखणं हा तिचा अर्धा धंदा होता, आणि निवृत्तीनंतरही तो तिने बंद केला नव्हता.

टेबलावर आणखी दोघं होती. दातांच्या दवाखान्यात काम करणारी मारिसोल, जिच्या फोनवर सगळ्या बातम्या सगळ्यांआधी यायच्या. आणि जोडे दुरुस्त करणारा ब्रूनो, जो कायम शेवटी बोललेल्या माणसाच्या बाजूचा असे. या चौघांना एकत्र बांधलं होतं ते प्रेमाने थोडं आणि दोन खुर्च्यांनी जास्त. पहिल्या बेसच्या बाजूला, एफ रांगेत, सात आणि आठ नंबर. वर्षभराची ती दोन तिकिटं चौघं मिळून घेत. घरच्या मैदानावर वर्षाला एक्क्याऐंशी सामने होतात. दर मार्चमध्ये ब्रूनोच्या दुकानात, चामड्याच्या वासात, पत्ते कापून नंबर लागायचा आणि मग आळीपाळीने एकेकाने एकेक तारीख उचलायची. प्रत्येकी वीस. उरलेला एक चर्चच्या सोडतीला. ज्याची तारीख, त्याच्या दोन्ही खुर्च्या. शेजारी नवऱ्याला बसवा नाहीतर पिशवीला.

मारिसोल मान हलवणाऱ्या बाहुल्या फुकट वाटतात ते दिवस उचलायची. फ्लॉइड ज्या दिवशी समोरचा संघ लंगडा असेल ते. ब्रूनो दुसऱ्या कुणी हळहळून सोडलेला. आणि वॉन्डा फक्त क्वार्ल्स उचलायची. पिचरची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची, पाळी साधारण दर पाचव्या दिवशी येते, एवढ्या एका आधारावर ती फेब्रुवारीतच चर्चचं कॅलेंडर घेऊन बसायची आणि पेन्सिलीने थेट सप्टेंबरपर्यंत मोजत जायची. पाऊस, दुखरा खांदा, मॅनेजरची लहर यांना तिच्या मोजणीत जागा नव्हती.

"वॉन्डाबाई, हे मेपर्यंतसुद्धा टिकत नाही हो," मारिसोल दरवर्षी सांगायची.

"तुमचं टिकत नसेल," वॉन्डा म्हणायची. वीसांतले सात दिवस बरोबर निघाले तरी ती त्या सातांबद्दलच बोलायची.

यंदा तिने जुलैतला हा मंगळवार उचलला होता. मे महिन्यात एक सामना पावसाने वाहून गेला, क्वार्ल्सची पाळी एका दिवसाने सरकली आणि सरकली ती सरकलीच. आता तो बुधवारी दुपारी उतरणार होता. त्यानंतरची पाळी सोमवारी. आणि सोमवारी त्याच्या अंगात कुठल्या गावचा सदरा असेल ते मालकांना ठाऊक.

बुधवार फ्लॉइडचा होता.

हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणूनच सगळे खिडकीबाहेर बघत होते.

"मी त्याच्या पहिल्या सामन्याला होते," वॉन्डा म्हणाली.

"झालं सुरू," फ्लॉइड म्हणाला.

"पहिल्याच डावात चौघांना फुकटात बेस दिले पोराने. अख्खं मैदान बोंबलत होतं, हा मास्तरसुद्धा. मी एकटी उभी राहून टाळ्या वाजवत होते. आणि परत जाताना त्याने माझ्याकडे बघून टोपी उचलली."

"घाम पुसला," फ्लॉइड म्हणाला.

"सलाम केला."

"पाऊस भुरभुरत होता, तुझ्या चष्म्यावर पाणी होतं. मी शेजारी होतो, वॉन्डा, तूच नेलं होतंस मला. टोपी वर केली आणि बाहीने कपाळ पुसलं. घाम!"

"पावसात घाम?"

हा वाद नऊ वर्षांचा झाला होता. दुसरीकडे एवढ्या वयाची पोरं तिसरीत जातात. ब्रूनोने आजवर शेकडो वेळा मत बदललं होतं. पण आजचा वाद नेहमीसारखा पुढे गेला नाही, कारण वॉन्डाने ताटली बाजूला सारली.

"मास्तर, बुधवारच्या खुर्च्या मला दे. पहिल्याला मी होते, शेवटच्यालाही मीच असणार."

"बुधवारी फोर्ट वेनहून माझा मेव्हणा येतोय."

"त्याला मंगळवारी ने. माझा मंगळवार घे."

"मंगळवारी काय ठेवलंय बघायला?" फ्लॉइड बोलून गेला.

मारिसोलने फोनवरून डोळे वर केले. "म्हणजे? क्वार्ल्सला तर तुम्ही सकाळीच देऊन टाकलंत ना? मग मंगळवार काय नि बुधवार काय?"

"तसं नाही..."

"फुकट मागत नाही मी," वॉन्डा म्हणाली. "एक दे, तीन घे. मार्चमध्ये मी उचललेल्या पहिल्या तीन तारखा तुझ्या."

"पुढच्या मार्चचं आत्ता कुणी सांगावं? तोवर काय होईल, कोण असेल..." आणि फ्लॉइड थांबला. आपण मघाचं वॉन्डाचंच म्हणणं बोलतोय हे त्याला मध्येच कळलं.

"हं," वॉन्डा म्हणाली. "पुढे बोल."

मग फ्लॉइडने केलं ते अडचणीत सापडलेला प्रत्येक विक्रेता करतो: भाव इतका चढवला की गिऱ्हाइकाने आपणहून उठून जावं. "तीन म्हणजे कुठलेही तीन नाही. मोसमाचा पहिला सामना. चार जुलैचा, स्वातंत्र्यदिनाच्या आतषबाजीचा. आणि शिकागोवाल्यांबरोबरचा शनिवार."

"दिले," वॉन्डा म्हणाली.

श्वास घेण्याइतकाही वेळ तिने मध्ये जाऊ दिला नाही. एवढ्या पटकन हो म्हणणारं माणूस भेटलं की विकणारा मनातल्या मनात भाव पुन्हा मोजतो. आपण काय विकलं हे त्याला तेव्हा समजतं. वॉन्डा त्याच्या चेहऱ्याकडे आरशात बघावं तशी बघत होती. माघार घ्यायची तर सकाळपासूनचं सगळं व्याख्यान माघारी घ्यावं लागणार. मास्तर जाळ्यात सापडला होता, आणि जाळं त्याने स्वतःच विणलं होतं.

मारिसोलने कागदी रुमालावर करार लिहिला. दोघांनी सह्या केल्या.

"छान सौदा केलास, फ्लॉइड," ब्रूनो म्हणाला. मग वॉन्डाकडे वळून म्हणाला, "तूसुद्धा."

मंगळवारची तिकिटं वॉन्डाने ब्रूनोला देऊन टाकली. ओळीने दोन दिवस जिने चढणं तिच्या गुडघ्यांना मान्य नव्हतं. मंगळवारी सकाळी ती ओसरीत बसून पेन्सिली तासत होती, तेव्हा फ्लॉइडची गाडी येऊन थांबली. त्याच्या हातात डझनभर कणसं होती.

"मका जास्त झाला होता," तो म्हणाला.

"गेल्या वर्षीही जास्त झाला होता. तेव्हा नाही दिसलास."

तो पायरीवर टेकला. "मेव्हणा येत नाही म्हणाला."

"अरेरे."

"उद्या शेजारी कोण आहे तुझ्या?"

"माझी पिशवी."

"पिशवीला बेसबॉल कळतं का?"

"तुझ्यापेक्षा कमी बडबडते."

फ्लॉइड एका कणसाची सालं सोलू लागला, कुणी सांगितलं नसताना. आधी उन्हाळ्याबद्दल बोलला, मग पार्किंगबद्दल. वॉन्डाने त्याला बोलू दिलं. खरं तर दुसरी खुर्ची त्याचीच, हे तिने सोमवारीच टेबलावरून उठताना ठरवलं होतं. नऊ वर्षांचा वाद उद्या निकालात निघायचा, तर प्रतिवादी हजर नको? पहिल्या दिवशी चष्मा ओला होता हे तिलाही ठाऊक होतं, कबूल कुणाजवळ केलं नव्हतं. पण यंदा एप्रिलमध्ये दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले होते आणि आता तिला रस्त्यापलीकडच्या घराच्या छपरावरची कौलं मोजता येत होती. क्वार्ल्स उद्या पुन्हा टोपी उचलेल आणि हा म्हणेल, मी नव्हतो, मी पाहिलं नाही. ते चालणार नव्हतं.

पण गिऱ्हाईक दारात आलेलं असताना माल फुकटात कोण देतं?

"एक होतकरू परत दे," ती म्हणाली. "मोसमाचा पहिला सामना."

"दिला," फ्लॉइड म्हणाला.

त्यानेही श्वास घेतला नव्हता. वॉन्डाला चार जुलैही मागायला हवा होता असं वाटून गेलं.

बुधवारी सकाळी दोघांचेही फोन बघून बघून तापले. सामन्याआधी सौदा पटला तर क्वार्ल्स उतरणारच नव्हता. घेणारे दुखापत झालेला माल घेत नाहीत. दहा वाजता मारिसोलचा निरोप आला: अजून काही नाही. अकराला: अजून नाही. साडेबाराला दोघं एफ रांगेत पोचली, तेव्हा तो कुंपणापाशी हात मोकळा करत होता. वॉन्डाने स्कोअरची वही उघडली आणि त्याचं नाव लिहिलं, बस सुरू करण्याआधी पाटी लावावी तसं, ठसठशीत.

खच्चून भरलं होतं मैदान. क्वार्ल्सने पहिले सहा डाव समोरच्या गड्यांना उभं राहू दिलं नाही. फ्लॉइड सोमवारपासून जे जे बोलला होता त्यातलं एक अक्षर त्याच्या तोंडून निघालं नाही. त्याऐवजी तो प्रत्येक चेंडूला "बघ, बघ" म्हणत वॉन्डाच्या कोपराला ढोसत होता, आणि तिची पेन्सिल चौकटीबाहेर जात होती. सातव्यात एक चेंडू जरा मध्ये पडला, समोरच्याने तो तडकावला आणि तो प्रेक्षकांत जाऊन विसावला. होमरन. मॅनेजर चालत आला, हात पुढे केला, क्वार्ल्सने चेंडू त्याच्या हातात ठेवला; त्याचं आजचं काम संपलं.

सगळं मैदान उठलं. वॉन्डाही उठली, यंदा टाळ्या वाजवणारी ती एकटी नव्हती, आणि ते तिला थोडंसं खटकलंच. क्वार्ल्स मान खाली घालून त्यांच्याच बाजूला येत होता. खेळाडूंच्या बसायच्या जागेत उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी आला. डाव्या हाताने टोपी वर उचलली.

आणि उजव्या बाहीने कपाळ पुसलं. टोपी पुन्हा डोक्यावर. खाली उतरला, दिसेनासा झाला.

वॉन्डाला बाहीवरचा ओला डागसुद्धा दिसला. हात तोच, बाही तीच, मानेला तोच झटका. पोरगा नऊ वर्षं एकाच पद्धतीने घाम पुसत होता. तिच्या हातांतल्या टाळ्या जरा मंदावल्या. एवढंच होतं तर ते. चार जुलै गेला, शिकागोचा शनिवार गेला, आणि डोळेही नवे करून घेतले.

"केला!" शेजारून आवाज आला. "वॉन्डा, सलाम केला! सरळ तुझ्याकडे बघून!"

फ्लॉइडच्या हातात रुमाल होता, चष्मा कपाळावर होता, आणि डोळे असे वाहत होते की त्याला समोरचं मैदान तरी दिसत असेल की नाही, शंकाच होती.

"घाम पुसला, मास्तर," ती म्हणाली.

"काय?"

"मी पाहिलं. घाम."

"अगं, माझ्या डोळ्यांदेखत केला! नऊ वर्षं मी नाही म्हणालो, आता हो म्हणतोय तर तू उलटतेस? त्या डॉक्टरने भिंगं उलटी बसवलीत तुझी!"

"बाहीवर डाग पडला होता."

"सलाम करताना माणसाला घाम येत नाही का?" आणि फ्लॉइड मास्तर सुरू झाला. टोपी किती उंच गेली, मान कुठल्या कोनात वळली, कपाळ पुसायचं असतं तर ते खेळपट्टीवरच का नाही पुसलं. आठव्या डावात त्याने दोन मुद्दे मांडले, नवव्यात तीन. वॉन्डा मधूनमधून "छे" म्हणत होती. एवढा बिनतोड युक्तिवाद तिला स्वतःला नऊ वर्षांत सुचला नव्हता, आणि "छे" म्हटलं की आणखी एक मुद्दा निघत होता. शेवटी त्याने तिच्या हातातून पेन्सिल ओढली आणि वहीच्या कोपऱ्यात, फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं: सलाम केला.

वॉन्डाने ते वाचलं. पेन्सिलीच्या दुसऱ्या टोकाला रबर होतं. तिने वही मिटली.

शुक्रवारी संध्याकाळी सौदा झाला. शनिवारी टेबलावर मारिसोलने तिन्ही होतकरूंची नावं वाचून दाखवली.

"मधल्याचं परत सांग," फ्लॉइड म्हणाला. मारिसोलने सांगितलं. त्याने मान डोलावली, पण वजाबाकी चुकलेल्या पोराचा असतो तसा त्याचा चेहरा होता.

"चांगला सौदा ना, मास्तर?" वॉन्डाने विचारलं.

"चांगला आहे," तो म्हणाला, आणि पिरोगींच्या उकडलेल्या करंज्यांवर गरजेपेक्षा जास्त कांदा घेतला.

"ते जाऊ दे," ब्रूनो म्हणाला. "बुधवारी काय झालं ते सांगा. सलाम की घाम?"

"सलाम," फ्लॉइड म्हणाला.

"घाम," वॉन्डा म्हणाली.

दोन्ही शब्द एकाच क्षणी आले होते. ब्रूनो याच्या तोंडाकडे बघे, तिच्या तोंडाकडे बघे. शेवटी कोण बोललं तेच त्याला समजेना.