सीझनचा शेवटचा शनिवार

सेड्रिकच्या उजव्या घोट्यावर पांढरी पट्टी गुंडाळता गुंडाळता सुनेत्राचा हात थांबला.

"मॅम, शनिवारची मॅच इथेच आहे ना?" त्यानं विचारलं. पाचच मिनिटांपूर्वी, डावा पाय बांधतानाही त्यानं हेच विचारलं होतं आणि तिनं उत्तरही दिलं होतं.

"इथेच. तुझी आई येणार आहे ना?"

"हो. बसनं येतेय. सुट्टी मिळाली तिला."

सुनेत्रा नागपूरची फिजिओथेरपिस्ट. नवऱ्याच्या नोकरीमागे अमेरिकेत ट्रॉयला आली, इथल्या परीक्षा पुन्हा दिल्या आणि जवळच्या एका छोट्या कॉलेजात फुटबॉल टीमकडे कामाला लागली. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा खेळ. २००७च्या त्या सीझनमध्ये टीमनं एकही मॅच जिंकली नव्हती. पोरं दर शनिवारी हरायची आणि सोमवारी तिच्या टेबलावर येऊन पडायची. नोव्हेंबर लागेपर्यंत एकमेकांना धीर देणंही सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

सेड्रिकचं हे शेवटचं वर्ष. समोरच्याला छातीनं अडवायचं, एवढंच त्याचं काम. बॉल घेऊन पळायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही. शेवटच्या मॅचला मात्र कॉलेज संपवून जाणाऱ्या मुलांची नावं पुकारतात, आईवडिलांना मैदानात बोलावतात.

"गेल्या मॅचला डोक्याला लागलं होतं का रे?" तिनं हळूच विचारलं.

त्यानं दाराकडे पाहिलं. "कुणाला सांगू नका, मॅम. एकच मॅच राहिलीय."

घरी नवऱ्यानं, मोरेश्वरनं, जेवण गरम करून ठेवलं होतं. तिनं त्याला सगळं सांगितलं: पुन्हा पुन्हा विचारलेला तोच प्रश्न, डोक्याचा मार, त्यावर पुन्हा लागलं तर किती धोका आहे ते.

"टीमचा डॉक्टर चेक करेल ना," तो म्हणाला. "तू कशाला मधे पडतेस?"

"डॉक्टरला सेड्रिक सांगेल, आय अॅम फाइन. संपलं."

"मग सांगून टाक कोचला."

"त्याची आई येतेय रे."

तिच्या पानातली भाजी तशीच राहिली.

सकाळी कोचनं खुर्चीत मागे डोकं टेकून, डोळे मिटून तिचं ऐकून घेतलं. तोही थकलेलाच होता.

"त्याच्या जागी उभं करायला माझ्याकडे धड कुणी नाही," तो म्हणाला.

"माहितीये."

"ठीक आहे, नाही खेळवत. पण त्याला तुम्हीच सांगा."

तिनं सांगितलं. सेड्रिक ओरडला नाही, भांडला नाही. "तुमच्यावर विश्वास ठेवला होता मी," एवढंच म्हणाला आणि बॅग उचलून गेला.

शनिवारी जीन्सवर टीमची जर्सी घालून तो आईबरोबर मैदानात आला. ठेंगणी, जाड कोट घातलेली बाई. त्याचा दंड घट्ट धरून चालत होती. नाव पुकारलं गेलं, थोड्या टाळ्या वाजल्या. मग मॅच सुरू झाली. त्याच्या जागी उभा केलेला मुलगा सारखा मागे ढकलला जात होता. सेड्रिक कडेला उभा राहून बघत होता. सुनेत्राकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. टीम हरली, तीही अगदी थोडक्यात.

नंतर ती सामान आवरत असताना तो ट्रेनिंग रूममध्ये आला आणि भिंतीलगतच्या बाकावर बसला. पलीकडे आंघोळी करणारी पोरं कधी नव्हे ती हसत होती. संपलं होतं एकदाचं. आता हा काहीतरी बोलेल, म्हणून ती थांबली.

"लाइट बंद करता का, मॅम? सहन होत नाहीये."

तिनं दिवे घालवले. जरा वेळानं त्याची आई त्याला शोधत आली. अंधार पाहून दारातच थबकली, मग त्याच्या शेजारी बसली. त्यानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

"कधीपासून हे असं?" आईनं विचारलं.

"मागच्या शनिवारी डोक्याला लागलं, तेव्हापासून," सुनेत्रा म्हणाली.

"आणि हा खेळायला निघाला होता?"

"हो."

बाईनं मान हलवली. मग तिनं बाजूला ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि बाकावर सुनेत्रासाठी जागा केली.