तिसरी प्रत

“कादंबरीच्या किती प्रती काढायचात तुम्ही, बाई?” बाल्दोमेरोने खुर्ची ओढत विचारलं. तो पोलीस इन्स्पेक्टर, आणि पलीकडच्या खोलीत लेआंद्रो साहेबांची शवपेटी अजून उघडी होती.

“दोन. एक तुमच्या कचेरीला तपासायला, एक साहेबांना.” शेवटच्या कादंबरीच्या त्या दोन्ही त्याने जप्त केल्या होत्या.

बावीस वर्षं मी साहेबांच्या कादंबऱ्या टाइप केल्या. एकही चूक नाही, कारण मी वाचत नसे. अक्षरं तेवढी पाहायची. एके काळी माद्रिदची पोरं त्यांची वाक्यं घडाघडा म्हणायची. यादवी युद्धानंतर पुस्तकं दुकानांतून उचलली गेली आणि साहेब सोरियाच्या थंडीत येऊन राहिले. शेवटच्या कादंबरीला मी गुपचूप एक कार्बन कागद जास्त घातला.

ती तिसरी प्रत आता साहेबांच्या छातीशी होती. आमच्याकडे भाविकांना मठातल्या साधूचा झगा घालून पुरतात. साहेबांनी जन्मात चर्चची पायरी चढली नव्हती, पण झगा ढगळ असतो, आणि प्रेताची झडती कुणी घेत नाही. मालकीणबाईंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, आणि मी कागद आत बांधले. कबरस्तानातला गवंडी फेर्मिन आमचा माणूस. पेटी सरकवायचा भिंतीतला कोनाडा विटांनी बुजवण्याआधी तो ते काढून घेणार होता. स्वतःच्या हुशारीचा मला गर्वच वाटला.

बाल्दोमेरो पेटीपाशी बराच वेळ थांबला. “शेवटी देव आठवला म्हणायचा.”

“मरताना सगळ्यांनाच आठवतो,” मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज हलला नाही.

कबरस्तानापर्यंत तो आमच्या मागोमाग आला. फेर्मिनने सगळ्यांना जरा बाजूला व्हायला सांगितलं. सगळे झाले, तो झाला नाही. फेर्मिनने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विटा रचायला घेतल्या. शेवटची वीट बाल्दोमेरोने स्वतः बसवली आणि रुमालाला हात पुसले.

“दोनच ना, बाई?” तो हळू म्हणाला. “तिसरी राहू दे त्यांच्यापाशी. कोनाडा कुणी फोडलाच, तर मी आधी तुमच्याच दारात येईन.”

घरी आल्यावर मी टाइपरायटरवरचं फडकं काढलं, कागद चढवला. मालकीणबाई आशेने शेजारी येऊन बसल्या. पहिलं वाक्य साहेब दिवसभर पुटपुटत असत, ते उमटलं. दुसरं काही केल्या आठवेना.

“मी वाचलंच नाही हो कधी,” मी म्हणाले.