बासरी वाजवायला शिकलेला कॉम्प्युटर

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. माझी पेटी पिवळी पडली आहे आणि पंखा घरघरतो. घाटंजीच्या एका कॉम्प्युटर क्लासात मी बरीच वर्षे राबलो. कितीतरी मुलामुलींनी आपले नाव पहिल्यांदा माझ्याच पडद्यावर टाइप केलेले पाहिले. क्लास बंद पडला, तेव्हा तिथे शिकवणाऱ्या संघदीपने मला मागून घेतले आणि गोधडीत गुंडाळून आपल्या गावी नेले.

घरी त्याची आई कौसल्याबाई आणि धाकटी बहीण दीपा. रविवारी भाऊ-बहीण माझ्यावर एक जुना गेम खेळत. एक छोटा वाटसरू जंगलातून, गुहेतून चालत जायचा आणि सोबत संगीत वाजायचे. खरे सांगतो, ते संगीत गेममध्ये रेकॉर्ड केलेले नव्हते. कोणते वाद्य, कोणता सूर, किती वेळ, एवढ्याच सूचना त्यात होत्या. आवाज मला माझ्याजवळचे काढावे लागत, आणि माझ्याजवळ होते ते सगळे चिरके.

"टिनाचा डबा वाजवून राह्यले का रे?" कौसल्याबाई चुलीपासून ओरडायच्या, आणि तिघेही हसायचे.

क्लास गेल्यावर संघदीप मजुरीला जाऊ लागला. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि अळी काही हटत नव्हती. मित्र अश्वजितबरोबर तो दुसऱ्यांच्या शेतात औषध फवारायचा. उंच झाडांवर फवारलेले औषध वाऱ्याने परत त्यांच्याच तोंडावर यायचे. एका दुपारी दोघांनाही ओकाऱ्या सुरू झाल्या. लोकांनी त्यांना यवतमाळच्या दवाखान्यात नेले. अश्वजित तिथेच गेला. संघदीप परत आला, पण आईचा हात धरून. त्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळत होता.

माझ्यावर चादर पडली. तो भिंतीला टेकून बसून राही. रडतही नसे. ताट तसेच परत जाई.

दीपा आता पुसदला राहून शिकत होती. सुट्टीत आल्यावर तिने माझी धूळ पुसली आणि गेम लावला. संघदीपने मान वळवली. पण लगेच म्हणाला, "बंद कर. डोये होते तवा चालत होतं. आता नुसतं आयकतो, त कानाले टोचते."

पुढच्या खेपेला तिने पेन ड्राइव्हवर संगीत वाजवणारे एक सॉफ्टवेअर आणले, आणि खऱ्या वाद्यांच्या आवाजांची एक मोठी फाइल. दोन्ही माझ्यात घातले. तरी गेम जुन्याच आवाजात वाजला, कारण सेटिंगमध्ये जुनाच आवाज निवडलेला होता. तिने तो बदलला, तर संगीत अडखळू लागले. एवढी मोठी फाइल माझ्या मेमरीला पेलत नव्हती.

"राहू दे ना, दीपा. कायले तरास घेतं?"

"थांब दादा, लहान फाइल बी हाये."

आणि मित्रांनो, मी वाजलो. माझ्यातून असे काही निघेल हे मलाही ठाऊक नव्हते.

संघदीप सरळ बसला. "हे बासरी होय? मले त शिट्टीच वाटे." वाटसरू गुहेत शिरला. "अन् हा ढोल! अश्वजितले हा गेम मीच शिकवलता. त्यानं हे आयकलंच नाही, दीपा."

मग तो रडला, दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदाच. कौसल्याबाई धावत आल्या. "काहून रडवून राह्यली त्याले? बंद कर ते!"

"नको बंद करू, माय. मले रडू दे."

त्या खाली बसल्या आणि त्यांनी मुलाचे डोके मांडीवर घेतले. मी वाजत राहिलो.

आता कौसल्याबाई मला रोज सुरू करतात. संघदीप ऐकतो, कधी दोन घास जास्त खातो. दृष्टी परत आलेली नाही, येणारही नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. माझा आवाज बिघडला, तर दुसरा बसवता येतो. तुमच्या घरातले कोणी फवारणीला निघाले, तर दारात आडवे उभे राहा. डोळे आणि तोंड नीट झाकल्याशिवाय त्यांना शेतात जाऊ देऊ नका.