भिंतवाल्या बाई

"खोटं बोलतेस तू! धडधडीत खोटं!" भिंतवाल्या बाईंनी काचपट्टी टेबलावर अशी आपटली की तिचे दोन तुकडे झाले.

"वन्सं, काच फुटली. माझे जिवाणू नाही फुटले," भावजय म्हणाली.

घरी एकच स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळेत एकच टेबल, त्यामुळे भांडण कधी शिळं म्हणून व्हायचं नाही. धाकटा भाऊ अकाली गेला तेव्हा बाईंनीच प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांच्या हातापाया पडून हिला इथे चिकटवलं. आणि आता हीच त्यांच्यावर उलटली! खाल्ल्या घरचे वासे मोजणारी, हे बाई तिला रोज ऐकवत.

बाईंची हयात जिवाणूंच्या भिंतीत गेली, म्हणून त्यांचं हे नाव. जिवाणू स्वतःभोवती टणक भिंत बांधतो आणि ती सांधायला त्याला अमिनो आम्लं लागतात. बाई त्याला मेथिओनिन नावाच्या आम्लाचं उलटं रूप चारायच्या, जणू आरशातलं. तो मूर्ख तेच भिंतीत बसवतो. भिंत कच्ची राहते आणि जिवाणू फुटून मरतो. हे आम्ल जिवाणूला मारतं, यातून एक दिवस औषध निघेल, एवढंच बाईंजवळ जगाला सांगायला होतं. लग्न नाही, मूल नाही, दुसरं काही नाही.

भावजयीने तोच प्रयोग केला. तिचे जिवाणू मेलेच नाहीत.

बाई तडक सरांकडे गेल्या. "ही घरबसल्या आकडे रचते. हाकला हिला."

सर वैतागले. "दोघी शेजारी बसून करून दाखवा. जी चुकली असेल तिने टेबल सोडायचं."

भावजयीच्या पदरात शिकणारी लेक होती. नोकरी गेली तर मायलेकींचे हाल होणार, हे बाईंना माहीत होतं. गेली तर गेली!

दुपारी दोघी बसल्या. जिवाणू तेच, आम्ल तेच. बाई तिच्या हातांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून होत्या. शेवटी उरलेलं आम्ल काढायला जिवाणू धुवायची वेळ आली आणि भावजयीने वेगळीच बाटली उचलली.

"हे काय गं?"

"साखर-मिठाचं पाणी. धुवायला."

"मग मी काय गटारातलं घेते? शुद्ध पाणी आहे माझं!"

"तेच तर! कच्च्या भिंतीचा जिवाणू साध्या पाण्यात पडला की पाणी पिऊन पिऊन फुगणार आणि फुटणार. वन्सं, इतकी वर्षं तुम्ही साध्या पाण्यातच धुताय?"

बाईंच्या गुरूंनी तसंच शिकवलं होतं, आणि धडधाकट जिवाणूंना ते चालतंही. भावजय सरांना बोलवायला गेली. बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तिचे जिवाणू गोल, गुबगुबीत झाले होते, पण चांगले शाबूत होते. बाईंनी काचेच्या कडेला आपल्या साध्या पाण्याचा थेंब सोडला. एक फुटला. मग दुसरा. मग पटापट सगळेच.

माणसाच्या शरीरात साधं पाणी असतं थोडंच? तिथेही खारटच. तिथे हे मेले खुशाल जगतील, मग औषध कसलं!

भावजयीची साखर-मिठाच्या पाण्याची बाटली समोरच होती. ओतायची, नळाचं पाणी भरायचं, आणि सरांदेखत पुन्हा धुवायला सांगायचं. भावजय खोटी पडली असती. कोणाला कळणार होतं? बाईंनी बाटली बेसिनपर्यंत नेली. झाकण उघडलं. त्या हडळीचं थोबाड आठवून त्यांना ओतायची फार फार इच्छा झाली. पण हात काही वाकेना. शिव्या हासडतच त्या परत फिरल्या.

सर आत आले. "काय ठरलं?"

"हिचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "आम्ल नुसती भिंत कच्ची करतं. मारत होतं ते माझं पाणी."

भावजय पुढे आली. "वन्सं, भिंत कच्ची होते हे तर तुम्हीच शोधलंत ना..."

"गप्प बस! तुझी कीव नकोय मला. माझ्या जिभेवर खरं आलं म्हणून तू आवडायला लागलीस असं समजू नकोस."

बाईंनी कोट काढून खुर्चीवर टाकला. दाराशी जाऊन त्या थांबल्या.

"माझ्या नळ्यांतले जिवाणू धुवायचे राहिलेत. तुझ्या त्या पाण्यात धू. हळू हाताने. एकसुद्धा फुटता कामा नये."

भावजयीने साखर-मिठाच्या पाण्याची बाटली उचलली आणि बाईंची पहिली नळी हळूच हातात घेतली.