लाटेनं लाट पुसली जात नाही

हल्लीची पोरं खिशातल्या यंत्रात बघून बेटं शोधतात. शोधोत बापडी. आमच्या वेळी मार्शल बेटांत समुद्र पाठीनं ओळखावा लागायचा, आणि माझी पाठ अंजुआमामानं तयार केली होती.

मी सात वर्षांची असल्यापासून तो मला डोळ्यांवर फडकं बांधून खडकांपलीकडच्या खोल पाण्यात उताणं तरंगत ठेवायचा. "बोल नेइमात, कोण आलं?" पूर्वेची मोठी लाट पाठ उचलायची, दक्षिणेची बुटकी कुशीत ढोसायची. दोघी एकदम आल्या की माझा गोंधळ उडायचा.

"अगं, एकमेकींच्या अंगावरून जातात, पण एकमेकींचं काही घेत नाहीत. लाटेनं लाट पुसली जात नाही. थांब जरा, होतील वेगळ्या."

नाकातोंडात पाणी गेलं की मी त्याला यथेच्छ शिव्या घालायचे. काय दिवस होते ते!

तेविसाव्या वर्षी सरदारानं परवानगी दिली. शेजारच्या बेटापर्यंत होडी मी न्यायची, मामानं तोंड उघडायचं नाही. पोचले तर मी वाटाडी. चुकले तर घराण्याची विद्या मामाबरोबर संपणार, कारण त्याच्यामागे दुसरं कोणी शिकलेलं नव्हतं. सुकाणूवर माझा मावसभाऊ इसाओ होता.

निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ भरलं, सूर्य दिसेना. मी होडीच्या तळाशी उताणी पडले. दक्षिणेची लाट सापडेना! खोबरं न्यायला येणारं जहाज नुकतंच बाजूनं गेलं होतं, त्याच्या लाटांची नुसती धडधड पाठीला लागत होती.

"वळवू का?" इसाओ म्हणाला. "की बाईसाहेबांची झोप व्हायचीय?"

"शीड उतरव. थांबायचंय."

"इथं? संसार मांडतेस की काय?"

मी मामाकडे पाहिलं. तो होडीच्या बाजूला जोडलेल्या उलांडीच्या फळीवर बसून आंबवलेला नीरफणस चघळत होता, जसा काही घरच्या अंगणात बसलाय. त्याला वाट कळतेय, म्हणजे वाट आहे, असं मी मनाशी म्हटलं. आणि तशीच उताणी पडून थांबले.

जहाजाच्या लाटा हळूहळू निघून गेल्या. आणि कुशीत ढोसलं. तीच बुटकी, तशीच्या तशी.

दुपारी माडांचे शेंडे दिसले. किनाऱ्यावर सगळ्यांत मोठ्यानं इसाओच ओरडत होता, जणू होडी त्यानंच आणली. मी मामाला म्हटलं, "तुला सगळं कळत होतं, आणि मजा बघत बसलास ना?"

"कसलं कळतंय? तो मोठा ताप आला होता ना मला, तेव्हापासून पाठ बधिर झालीय माझी. दोन वर्षं झाली."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर थांबली असतीस? माझ्या तोंडाकडे बघूनच तर थांबलीस."

मी इतकी भडकले की दोन दिवस त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. महिन्याभरात तो गेला. या गोष्टीला पन्नास वर्षं झाली, पण ते दोन दिवस मला अजून परत हवे आहेत.