बनुबाईच्या गोठ्यातली सरकारी खाट

देवीच्या आवारात बाळंतपण चालत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाळंतपण म्हणजे सोयर, आणि सोयर लागलं की देवीची पूजा दहा दिवस बंद. तरी पोलादपूरजवळच्या आमच्या देवस्थानच्या शहाण्या विश्वस्तांनी आवारातल्या धर्मशाळेत प्रसूतिगृह काढलं आणि त्याला सरकारी अनुदान मिळवलं. पैसा दिसला की या लोकांचं सोवळं खुंटीवर जातं.

अनुदानावरून महाडला सभा झाली होती. चिंतामणी वकील तावातावानं म्हणाले, निधर्मी सरकारनं देवाला दमडी देता कामा नये. देवस्थानचे अध्यक्ष यज्ञेश्वरपंत म्हणाले, देवस्थान गोरगरिबांची सेवा करणार. सरकारनं पैसे द्यावेत आणि नाक खुपसू नये. दोघांनाही टाळ्या मिळाल्या. बाई नेमकी कुठं बाळंत होणार, ते दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मी गोदावरी, त्या प्रसूतिगृहात नेमलेली नर्स. दोन लोखंडी खाटा आल्या. एकीवर गुरव महिपती नारळ ठेवायचा आणि दुसरीवर पंत दुपारची झोप काढायचे.

मग आंबेनळीखालच्या वाडीतून सदू आपल्या बायकोला, ठमाबाईला, डोलीत घालून घेऊन आला. पहिलटकरीण, कळा देऊन दमलेली, ओठ पांढरे पडलेले. पंत दार अडवून उभे राहिले.

"उत्सव तोंडावर आलाय. सोयर लागलं तर पालखी कशी निघायची?"

"मग प्रसूतिगृह कशाला काढलंत?"

"तपासायला आणा की. तपासायला कोण नको म्हणतंय?"

मी सदूला म्हटलं, उचल तिला, आत घे. तो कळसाकडे बघत राहिला. "बाय, देवीचा कोप झाला तर पोर जगंल काय?" मला त्याचीही चीड आली.

पंतांनी कौल लावायला सांगितलं. महिपतीनं देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर परवानगी. सगळे पाकळीकडे डोळे लावून बसले. ठमाबाईच्या कळा काही पाकळीसाठी थांबणार नव्हत्या. शेवटी आवाराच्या भिंतीपलीकडून बनुबाई ओरडली, "माझ्या शेळ्यांच्या गोठ्यात आना गो तिला." तिथं लेंड्यांच्या वासात ठमाबाईला मुलगी झाली.

मुलगी रडली, पण आईचं रक्त थांबेना. तिला जमिनीवरून उचलून खाटेवर घेणं भाग होतं. तेवढ्यात महिपती धावत आला. उजवी पाकळी पडली होती, देवीनं कौल दिला होता.

"आता तरी आत घेऊ द्या," मी आवाराच्या दाराशी जाऊन पंतांना म्हटलं.

"कौल बाळंतपणाचा मागितला होता," पंत शांतपणे म्हणाले. "ते तर बाहेर झालं. बाळंतिणीचा कुठं मागितलाय?"

इतका हलकटपणा इतक्या मऊ आवाजात मी कधी ऐकला नव्हता. मी धर्मशाळेत शिरले, नारळ खाली लोटले आणि खाटेचं एक टोक धरलं. दुसरं टोक धरायला सदू आला. खाट गोठ्यात ठेवली, पायथ्याखाली विटा सरकवल्या, इंजेक्शन दिलं. बऱ्याच वेळानं रक्त थांबलं.

पालखी थाटात निघाली. उत्सव उरकल्यावर पंत आणि चिंतामणी वकील एकत्रच गोठ्याच्या दाराशी आले. वकिलांच्या नाकाला रुमाल होता. सरकारी मालमत्ता खाजगी गोठ्यात ठेवता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. सोयर लागलेली खाट आवारात घेता येणार नाही, असं पंतांचं. खाट नेमकी कुठं जाणार, यावर दोघांची जुंपली. खाटेवर ठमाबाई मुलीला पाजत होती.

बनुबाई शेळ्यांना पाला टाकत होती. ती म्हणाली, "न्यायची तर न्या खाट. पन आदी तिला हातावर जो कोन उचलून घेतो, त्यानं आत यावा."

पंत मागं सरकले. मी वकिलांकडे पाहिलं. निधर्मी सरकारचे कैवारी उंबऱ्याबाहेर आपल्या वहाणांकडे बघत उभे होते.

"मंग दार लावते," बनुबाई म्हणाली. "पोरीला वारं लागतंय."